'बी'चं पोट

मेमे,

परवा चुलतभावाची सून तुझ्या या नातीच्या दारात उभी. आपल्या फ्रेंच मंडळींच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरतंय, त्यात तुझी कात्री मांडायची म्हणे. शेजारी ठेवायची पाटीसुद्धा छापून आणली होती : 'आजी फेलिसी पेलेग्रँ यांची भरतकामाची कात्री'. भरतकाम! तुला साधं बटण कधी सरळ लावता आलं नाही. मी म्हटलं, "बाई गं, ही उसवायची कात्री आहे. आणि तिचं काम अजून व्हायचंय." ती घड्याळाकडे बघायला लागली. म्हणून आता तुलाच सांगते.

भरतकाम होतं ते तुझ्या आईचं. तुझं लग्न ठरलं तेव्हा तिनं जाड तागाच्या दोन डझन चादरी केल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दोन अक्षरं घातली. 'एफ' म्हणजे फेलिसी, 'बी' म्हणजे ब्लांशार. नवरदेव ब्लांशार तेव्हा इथे बेकर्सफील्डला मेंढ्यांमागे हिंडत होता. एकोणीसशे बारा साली तू तिकडचं डोंगरातलं गाव सोडून, समुद्र ओलांडून, चादरींची ट्रंक घेऊन एकटी आलीस, तर स्टेशनवर ब्लांशारचा पत्ताच नाही. त्याचा जोडीदार सेलेस्तँ पेलेग्रँ टोपी चुरगाळत उभा.

"ब्लांशारनं लग्न केलं. खानावळवाल्याच्या मुलीशी."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"सांगायला. तो घाबरला."

"तुमचं झालंय लग्न?"

"नाही."

"मग उचला ट्रंक. मी काही ही परत ओढत नेणार नाही."

तू हे सांगायला लागलीस की आजोबा पुस्ती जोडायचे, "तेव्हा पाठ धरली, ती अजून सुटली नाही."

'बी'चं खालचं पोट उसवलं की 'पी' होतो, पेलेग्रँचा 'पी', हे तुला लग्नाच्या रात्रीच सुचलं होतं. पण सवड कुणाला? कोकरं जन्मायच्या दिवसांत वीस गड्यांचं रांधायचं, त्यात पाच पोरं. चादरी काटेरी तारेवर वाळत पडायच्या आणि येणारा-जाणारा मेंढपाळ ओरडायचा, "काय पेलेग्रँ, काल कुणावर झोपलास?"

"ब्लांशारवर!" आजोबा तितक्याच जोरात. "मऊ आहे लेकाचा!"

तू आतून झारा दाखवायचीस. एकदा तर खुद्द ब्लांशार कुंपणाशी थांबून म्हणाला, "वहिनी, माझ्या चादरी टिकल्या की!"

"टिकल्या ना. पायपुसणी करायचीत अजून."

आणि केलीसही. काहींची दुपटी झाली, काहींच्या कोकरांना पट्ट्या. होता होता एकच चादर उरली. आजोबा गेल्यावर ती तू स्वतःच्या शवपेटीत अंथरायला म्हणून बाजूला ठेवलीस. तोवर तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मी बर्कलीहून सुट्टीला आले की तू कात्री पुढे करायचीस.

"सेलेस्तँशेजारी जाऊन निजायचं आणि अंगाखाली दुसऱ्याचं नाव? बरं दिसतं का? तू कॉलेजात जातेस, तुझे डोळे चांगले. पोट तेवढं काढ."

मी कात्री घेतली की, "आधी सूप पी." सूप झालं की, "आता उजेड कुठाय?" पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच. एकदा मी वैतागलेच.

"मेमे, उसवायचंय की नाही एकदाचं?"

"उसवायचंय गं. पण ते झालं की मी तयार झाले ना. त्याला वाटेल, निघालीच. थांबू दे थोडा. स्टेशनवर त्याला ताटकळायची सवय आहे."

फेब्रुवारीत तू घेवडा सोलता सोलता खुर्चीतच गेलीस. टोपली मांडीवर, अर्ध्या शेंगा तशाच. घरात लगेच वाटण्या सुरू झाल्या. मुरंब्याचं तांब्याचं पातेलं थोरलीला, कॉफीची चक्की धाकट्याला. चादर कुणी मागितली नाही. काकानं ती पेटीत अंथरली, तुला निजवलं, आणि तो लाल 'बी' बरोबर तुझ्या कोपराशी आला, सगळ्या गावाला दिसेल असा. पहिल्या रांगेत ब्लांशारची म्हातारी बसलेली!

मी कात्री काढली. काकू कुजबुजली, "पाद्रीबाबा उभे आहेत आणि तू शिवण काढून बसतेस? ठेव ती."

मग मी चादरीचा कोपरा तिरका आत दुमडला. पोट झाकलं, वर अगदी नीट 'पी' उरला. ब्लांशारच्या म्हातारीनं चष्मा लावून तो 'पी' पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

पेटी उचलली तेव्हा एका बाजूनं जरा कलली. दुमड तशीच राहिली की सुटली, देव जाणे. कात्री मी प्रदर्शनाला दिलेली नाही. तुझं ते उसवायचं राहिलंय.