पहिल्या बोटीतली नर्स

जळत्या जहाजाचा तो जुना पिक्चर मी जन्मभर डोक्यावर घेऊन नाचले, आणि पाहिला मात्र गेल्या महिन्यात. हसायचं असेल तर हसा. आमच्या गल्लीत पिक्चर पाहावाच लागतो असं नव्हतं, ऐकला तरी चालायचा.

दिग्रसला टॉकीज होती. पण मोठे पिक्चर यवतमाळला आधी लागत, आणि आमच्याकडे येईतो पट्टी इतकी तुटलेली असे की मारामारी चालू असताना एकदम लग्नच लागायचं. म्हणून जो कुणी यवतमाळला पाहून येई, त्यानं विहारासमोरच्या ओट्यावर बसून तो सगळ्यांना सांगायचा, असा रिवाजच पडला होता. नुसती गोष्ट सांगून सुटका नसे. गाणी, डायलॉग, कोणत्या हिरोइनीनं कोणत्या रंगाची साडी नेसली, सगळं लागे. यात माझ्या ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती यवतमाळला होस्टेलवर राहून शिकत होती. शनिवारी ती एसटीतून उतरली की बाया भाकरी लवकर थापून ओट्यावर जागा धरत.

जहाजाच्या पिक्चरच्या वर्षी आमच्या घराची दशा वाईट होती. आई आधीच गेलेली. त्यात बाबांना लकवा मारला आणि त्यांची उजवी बाजू गेली. ताईची शेवटची परीक्षा झाली होती, पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. मला अमरावतीला सायन्सला प्रवेश मिळाला होता. दोघींपैकी एकीला बाबांजवळ राहणं भाग होतं, आणि हा विषय काढायची दोघींचीही हिंमत होत नव्हती.

होस्टेल सोडून ताई घरी आली त्या संध्याकाळी तिनं ओट्यावर जहाज सांगितलं. काय सांगितलं म्हणता! एकेका नटाचं नाव घेतलं की पोरं शिट्ट्या मारत. दारुडा कॅप्टन, पळून आलेली प्रेमी जोडी, दागिन्यांच्या पेटीला मिठी मारून बसलेली सावकारीण, असे सगळे नावाजलेले चेहरे एकाच जहाजावर. मग आग. मग ताईनं आवाज उतरवला आणि ती नर्सवर आली. लहानसं काम, नटीही अशीतशीच. शेवटच्या बोटीत एकच जागा उरलेली. नर्स एक पाय बोटीत टाकते, तेवढ्यात खालून आजारी माणसांच्या हाका येतात. ती पाय मागे घेते, एका दुसऱ्याच बाईला बोटीत बसवते आणि म्हणते, "तू जाय. ज्यायले चालता येत नाही, त्यायच्यापाशी कोणी तं पाह्यजे."

सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना लागले. मी तर हमसून हमसून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना बशीतून चहा पाजता पाजता मी ताईला म्हणाले, "तू जाय पुण्याले. मी राह्यतो बाबाजवळ." तिनं मला पोटाशी धरलं. मला कुणी भरीस घातलं नाही, कुणी गळ घातली नाही. माझं मीच ठरवलं, याचा मला केवढा अभिमान होता!

बाबा बरीच वर्षं अंथरुणाला होते. ते गेले तोवर सायन्सचं वय निघून गेलं होतं. अंगणवाडीत लागले, लग्न गावातच झालं, संसार बरा झाला. कधी मनात कालवाकालव झाली की मी ती नर्स आठवायची आणि कामाला लागायची. पिक्चर नवा होता तेव्हा एका नागपूरच्या पेपरात टीकाकारानं त्याची सालटी काढली होती. नटांची जत्रा भरवली आणि गोष्ट घरीच विसरले, अशा अर्थाचं काहीतरी होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. याला नर्स दिसली नाही? पुढे टीव्हीवर तो पिक्चर लागला तेव्हा मी मुद्दाम टीव्ही बंद केला. मला ताईचा पिक्चर पुरत होता, त्याला धक्का लागायला नको होता.

आता आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी जुने पिक्चर दाखवतात आणि नंतर चर्चा करतात. गेल्या महिन्यात कोणता दाखवायचा यावर घोळ चालला होता. म्हटलं, आता वय झालं, त्या नर्सला एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं. हट्ट धरून मी जहाज लावायला लावलं. आधी एक निवृत्त प्राध्यापक बोलले, की टीकाकारांनी हा पिक्चर झोडपला आणि पब्लिकनं उचलून धरला. मग मी उभी राहिले. नर्सचा सीन साग्रसंगीत सांगितला आणि वर म्हटलं, "रुमाल काढून ठेवा."

पिक्चर सुरू झाला. नर्स हातात ट्रे घेऊन दोनदा येऊन गेली. आग लागली. पहिली बोट खाली सोडली, आणि त्या बोटीत, एका म्हाताऱ्याचा हात झटकून, सगळ्यांच्या आधी नर्स बसली. मला वाटलं ती परत येईल. शेवटची पाटी येईपर्यंत मी वाट पाहिली.

चर्चेत कुणाला गाणी आवडली, कुणाला खेळण्यातलं जहाज पाहून हसू आवरेना. कॉलेजातली एक पोरगी म्हणाली, "मावशी, तुमची नर्स तं पयल्याच बोटीत बसली न जी!" सगळे खो खो हसले. प्राध्यापक समजुतीनं म्हणाले, आठवणींची अशी सरमिसळ होते. मी चांगलीच तोंडघशी पडले होते. पण आठवणीत घोळ नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

घरी येऊन चपलाही न काढता ताईला फोन लावला. ती आधी हसली. पुण्यात राहून तिची बोली आता पार बदलली आहे. म्हणाली, "अगं, तुझ्या अजून लक्षात आहे? भिकार पिक्चर होता तो. मध्यंतरानंतर आम्ही जांभयाच देत होतो."

"मंग नर्स कुठून आणली?"

"ओट्यावरच्या बायांना थोडं रडवायला नको?"

"बायांसाठी आणली का माह्यासाठी?"

मग तिच्या तोंडून आमची गावची बोली आली. "मले जा लागत होतं वं. तू राहशीन का नाही, भेव वाटे."

"मंग मले मांगाचं होतं ना. बाबाजवळ राह्य म्हणाचं होतं. मी राह्यली असती."

"माहीत होतं राह्यशीन म्हणून. पण मांगतलं असतं तं जल्मभर तुह्या उपकाराखाली राहा लागलं असतं मले. असं तू आपल्या मनानं राह्यली."

मी फोन ठेवला. गावकी-भावकीतलं कुणी असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिनं केसानं गळा कापला, तोही गोष्ट सांगता सांगता. अमरावती गेली याचं आता वाईट वाटत नाही. बाबांचं केलं याचं तर मुळीच नाही. पण तिनं मागितलं असतं आणि मी हो म्हटलं असतं, तर ते हो माझं असतं. तेवढंही तिनं मला म्हणू दिलं नाही.