कॉलरच्या आतला नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाच नीट कळत नाही — पण आत ठेवून चैन पडत नाही, एवढं खरं.

गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या. एका बिल्डरला आपल्या नव्या क्लबात जुन्या फौजी गणवेशांचं दालन हवं होतं. त्याच्या दिल्लीतल्या, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात मी नोकरीला होते. गणवेश खरा की खोटा, ते पाहायचं — बिल्ला कुठल्या पलटणीचा, बटणं कुठल्या काळातली, पदकांच्या फितींचा क्रम बरोबर आहे ना, शिलाई मागाहूनची तर नाही. वडील फौजेत कारकून, त्यामुळे हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं. माझ्यावर एक साहेब होते, फौजेतले निवृत्त अधिकारी, पण सगळी नोकरी कचेरीतली, लढाईवरच्या पलटणीत कधी राहिलेले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण टोमणे मारायची खोड. एकदा एका विधवेच्या घरी माझे डोळे भरून आले, तर गाडीत ड्रायव्हरसमोर म्हणाले, "मैडम जल्दी पिघल जाती हैं." मी हसले. पण ते मला लागलं — किती लागलं, ते पुढे कळलं.

मग फरीदाबादचे सावंतकाका. निवृत्त हवालदार, मुलाजवळ राहायचे. अर्धांगवायूने उजवं अंग आणि वाचा गेलेली. मुलगा विलास, कारखान्यात फोरमन. त्याने शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की बाबांचा कोट काचेत लागणार, खाली त्यांचं नाव लागणार. मी मराठी, त्यात फौजीची लेक, हे कळल्यावर काकांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात अजून — जाऊ दे.

बिल्ला, बटणं, फिती, सगळं त्यांच्या कागदपत्रांशी जुळत होतं. मग साहेबांनी कॉलर उलटली. आत काळ्या शाईने फौजी नंबर होता, आणि तो काकांचा नव्हता.

मला त्याच क्षणी उलगडा झाला. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. लढाईत जवान गेला, की त्याने स्वतः शिवून घेतलेले कपडे, पेटी, वस्तरा यांचा पलटणीतच लिलाव व्हायचा. पैसे गावाकडे त्याच्या बायकोला जायचे. म्हणून दोस्त मुद्दाम चढी बोली लावायचे, विटक्या कोटालासुद्धा. आणि घेणारा आतला नंबर पुसायचा नाही. माझ्या वडिलांनी असे लिलाव पाहिले होते. सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा. म्हणजे काकांनी तो कोट कुणाचा ढापलेला नव्हता. मेलेल्या दोस्ताच्या संसाराला हातभार म्हणून घेतला होता — आणि जन्मभर जपला होता.

काका तेच सांगत होते. त्यांनी डाव्या हाताने कॉलर ओढली, नंबरावर बोट ठेवलं, ते बोट वर आभाळाकडे नेलं, मग तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. आणि माझ्याकडे पाहिलं. विलासकडे नाही, साहेबांकडे नाही. त्या खोलीत हे समजणारी मी एकटीच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

"किसी और का माल है," साहेब हसत म्हणाले. "क्यों मैडम?"

"जी सर. नंबर मैच नहीं करता."

वाक्य खरंच होतं, बघा. खोटेपणा करायला मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. नोकरी जाणार होती का? नाही. सांगितलं असतं तर साहेबांनी ऐकलंही असतं, फार तर आणखी एक टोमणा मारून. मला फक्त चटकन विरघळणारी बाई ठरायचं नव्हतं. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. विलासने बापाकडे असं पाहिलं, जसं चोरी सापडलेल्या पोराकडे बघतात. काका पुन्हा पुन्हा कॉलर ओढत राहिले. आम्ही चहा न घेताच निघालो.

नंतर जाऊन सांगायचं, असं कितीदा ठरवलं — फरीदाबाद काय लांब आहे? पण रविवार आला की घरात काहीतरी काम निघायचं. निघायचं, की मीच काढायची?

मग एका सकाळी ऑफिसात विलासचा फोन आला. बाबा गेले होते. माणसं जमली होती, तयारी चालली होती. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. बाबा शेवटपर्यंत त्या कोटाकडेच बोट दाखवत होते. त्यांच्या अंगावर घालू का? पण दुसऱ्याचा आहे ना तो. तुम्ही सांगितलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो."

साहेब समोरच बसले होते, पण त्यांना मराठी कळत नव्हतं. घाला, तो त्यांचाच आहे — एवढंच म्हणायचं होतं. पण मग विलासने विचारलं असतं, हे तेव्हा का नाही सांगितलंत?

"नका घालू," मी म्हणाले.

"बरं ताई," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. काकांना नुसत्या पांढऱ्या कापडात नेलं.