गाळण्यातले मासे

सासूबाईंना तळ्यावर न्यायचं डोकं माझंच. नवरा म्हणाला, "एवढ्या उन्हाळ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला चिखल दाखवायला नेतीस व्हय?" मी म्हटलं, "तुमी गप गाडी चालवा." बिचाऱ्यानं चालवली. तळ्यावर पोचल्यावर लिंबाच्या सावलीत सीट मागं केली आणि तोंडावर रुमाल घेऊन झोपला.

मे सरत आला होता. आमचं गाव सांगलीजवळ, तळं तिकडं मायणीच्या बाजूला. लेक तिथं तीन वर्षं पक्षी मोजायचं काम करत होती, आणि आठ दिवसांनी त्याच कामाला आसामला निघणार होती. सगळे मला विचारायचे, पोरीला एवढ्या लांब धाडायला भीती वाटत नाही का? मला भीती नव्हती. माझा जीव टांगणीला लागला होता तो घरातल्याच गोष्टीनं. तिची आज्जी तिच्या हातचं पाणी पीत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात एका चित्रबलाकाचं, म्हणजे करकोच्याचं, पिल्लू घरट्यातून खाली पडलं. ते सांभाळायला लेकीकडं दिलं. हिनं हौसेनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: पिल्लाची चोच वासलेली, आणि हिच्या बोटांत छोटा मासा. खाली लिहिलं होतं, 'माझं बाळ'. आम्ही जैन. आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चोरून येतो, तिथं नातीच्या हातात मासा! सासूबाईंनी फोटो बघितला, फोन माझ्याकडं दिला, आणि माळ घेऊन बसल्या.

पुढच्या महिन्यात लेक घरी आली. नेहमीसारखं आज्जीला पाणी दिलं. "ठेव तितं," त्या म्हणाल्या. मग मला हाक मारून माझ्याकडून दुसरा तांब्या घेतला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडणात कुणाला हार जात नाही. पण ह्या बाईचा राग म्हणजे नुसतं गप्प बसणं. लेकीनं त्या दिवसापासून घरात पक्ष्यांचा विषय काढला नाही. मीही म्हटलं, कशाला उगाच झाकलेलं उघडा, आणि मूग गिळून बसले. नवऱ्याचं तर काय, तो जन्मापासून मूग गिळूनच आहे.

आता ती जायच्या आधी आज्जीनं तिच्या हातचं घोटभर पाणी घ्यावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी मुद्दाम पाण्याची बाटली लेकीच्या पाठपिशवीत ठेवली होती. ऊन आहे, चालून तहान लागेल, मागतील झक मारून. माझी अक्कल ती एवढीच.

आम्ही तिघी बांधावरून चालत होतो. तळं निम्म्याहून जास्त आटलेलं. जिथं पावसाळ्यात पुरुषभर पाणी असतं तिथं जमिनीला भेगा, मग चिखल, आणि पार मधे पाणी. पाण्यात काळ्याकुट्ट वारकरी पक्ष्यांचा थवा, काठानं लांब लाल पायांचे शेकाटे. बाभळींवर चित्रबलाकांची घरटी, पिल्लं सगळी उभ्यानं ओरडत होती. लेक पुढं चालत होती आणि मधेच थांबून आज्जीसाठी वाटेतली काटकी बाजूला सारत होती. कुठल्या पक्ष्याचं नाव सांगावं, तर तोंड उघडायची आणि परत मिटायची. एरवी हीच पोर माझ्यासारखी चालती गिरण.

"तहान लागली का ओ आत्ती?" मी सासूबाईंना विचारलं.

"न्हाई."

थोडं पुढं गेल्यावर परत विचारलं. "सकाळधरनं तेच काय इचारालीस?" त्या खेकसल्या.

बांध उतरून खाली आलो तिथं एक डबकं होतं, परातीएवढं. त्यात बोटभर लांबीचे मासे एकमेकांवर चढून तडफडत होते. पाणी उरलंच नव्हतं म्हणा ना. सासूबाई थांबल्या. "अगं बाई, जीव चाललाय की ह्यांचा."

आणि त्यांनी पिशवीतून गाळणं काढलं. पाणी गाळायचं जाड फडकं, कुठंही जाऊ देत, त्यांच्यासोबत असतंच. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यातले जीव ज्या पाण्यातले त्या पाण्यात परत सोडायचे, अशी आमच्यात रीत. नळाच्या पाण्यातले जीव परत कुठं सोडायचे ह्यावर आमची एकदा तासभर हुज्जत झाली होती. तेच फडकं त्यांनी डबक्यात घातलं, मासे त्यात घेतले, लुगडं खोचलं आणि निघाल्या चिखलातून पाण्याकडं. तीसेक पावलं असतील.

"आज्जी," लेक म्हणाली, "इथलं आपण काही हलवायचं नसतं गं."

"जीव तडफडाय लागल्यावर कसला गं नेम?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं. मग तिनं बूट काढले, डोक्यावरची टोपी डबक्यात बुडवली आणि मासे घेऊन आज्जीच्या मागं गेली. एका हातात टोपी, दुसरा हात आज्जीच्या दंडाला. दोघी घोट्याएवढ्या चिखलात. दोन खेपा झाल्या. मी काठावर उभी राहून "घसराल, घसराल" एवढंच काम करत होते.

तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी फडकं पाण्यात उलटं केलं, आणि चार पावलांवर एक चित्रबलाक उतरला. पिवळी लांब चोच पाण्यात, अर्धी उघडी. चालत आला, आणि चोच पटकन मिटली. एक मासा गेला. दुसरा गेला. सासूबाईंनी आत्ताच सोडलेले. मला वाटलं, झालं! आता ह्या परत फिरणार आणि घरापर्यंत माळ हातातून सुटणार नाही. लेकीचा चेहरा तर पांढराफटक. जणू तिनंच ते खाल्ले.

पक्षी उडाला आणि समोरच्या बाभळीवर गेला. पिल्लांनी नुसता कालवा केला. त्यानं मान खाली घालून घरट्यात मासे ओकले, आणि पिल्लं तुटून पडली. सासूबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. बराच वेळ. पाय चिखलात, हातात ओलं फडकं.

"आई हाय व्हय ती?" त्यांनी विचारलं.

"आई असेल, नाहीतर बाप. दोघं चारतात," लेक हळूच म्हणाली.

"दुसरं काय चालत न्हाई त्यास्नी?"

"नाही आज्जी."

मग सासूबाई तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, "तुजं ते पिल्लू. जगलं का गं?"

लेकीनं हातातली ओली टोपी पिळली. मला वाटलं, ऐकलं नसेल. मग म्हणाली, "नाही. तेरा दिवस जगलं. पहाटे माझ्या मांडीवरच गेलं. मी इथंच पुरलं त्याला, एकटीनं."

"आन् कुनाला बोलली न्हाईस ते?"

"कुणी विचारलंच नाही, आज्जी."

सासूबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. तिचे दोन्ही हात हातात घेतले, चिखलाचे, माशांचा वास येणारे, आणि डोळे मिटून त्या पिल्लासाठी णमोकार मंत्र म्हणायला लागल्या. लेक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी.

मी काठावर उभी होते. दोन वर्षं मी फक्त पाण्याचा विचार केला होता. कोण कुणाच्या हातचं पितं, कोण नाही. तो फोटो मीही बघितला होता. 'माझं बाळ' मीही वाचलं होतं. मी तिची आई, आणि त्या बाळाचं पुढं काय झालं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.