परहद्दीचा खरेदीदार

"लिही. सदरहू घरात मेंढरं बांधणार नाही."

कारभारी हे बोलले तेव्हा मी संस्थानच्या कचेरीत जमिनीवर बसलो होतो. तरटावर. खोलीत खुर्च्या चार, त्यातल्या दोन रिकाम्या. एका खुर्चीत कारभारी, दुसरीत त्यांचे मेहुणे. माझं पायताण बाहेर काढायला लावलं होतं. कोटावर लढाईतली दोन पदकं होती. तीही "दुसऱ्या सरकारची पदकं इथं मिरवायची नाहीत" म्हणून खिशात घालायला लावली होती.

"रावसाहेब, आमच्याकडं आता मेंढरं न्हाईत."

"जात आहे ना? मग लिही."

लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. पलटणीत पाच वर्षं कारकुनी केली, वाचनाचा नाद तिथंच लागला. त्याच वळणदार अक्षरात मी लिहून दिलं की मी घरात मेंढरं बांधणार नाही.

माझे वडील आटपाडीकडचे धनगर. दुष्काळात कळप संपला तेव्हा ते कडेगावाजवळ येऊन दुसऱ्याच्या रानात राबू लागले. कडेगाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. सांगलीकडं निघालं की वाटेत संस्थानांच्या हद्दी लागायच्या, ठिगळं लावल्यासारख्या. सकाळी चरायला सुटलेली म्हैस दुपारपर्यंत दोन राजांच्या आणि एका बादशहाच्या मुलखातून फिरून येई. तिला कुणी परकी म्हणत नसे.

मला म्हणाले. ज्या संस्थानात म्हणाले त्याचं नाव लिहीत नाही. ते फार लहान होतं. दिमाख मात्र अंगाला न बसणाऱ्या कोटासारखा, सगळीकडून लोंबणारा. एक म्हातारा हत्ती होता. त्याला रोज सकाळी गावातून फिरवत, आणि लोक त्याच्याकडं पाहून मुजरा करत. मी इंग्रजांची रयत म्हणून परका. खुद्द इंग्रज आला असता तर वेशीपर्यंत तो हत्ती सामोरा गेला असता.

घर मला हवं होतं ते बायकोसाठी. ती सातवी पास. आमच्या भावकीत पहिली. संस्थानच्या मुलींच्या शाळेत तिला मास्तरणीची नोकरी लागली होती. शाळा चांगली होती, हे कबूल करतो. अट एकच: मास्तरणीनं गावातच राहिलं पाहिजे. सोमवारच्या आत राहण्याचा दाखला द्यायचा, नाहीतर नोकरी दुसरीला.

भाड्यानं खोली शोधली. आठ दारं. प्रत्येक दारात आधी जात विचारली, मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं. एका बाईनं तर रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून सांगितलं.

मग एक म्हातारा कासार भेटला. तो लेकीकडं सोलापूरला निघाला होता. दोन खणांचं घर विकायचं होतं. म्हणाला, "घ्या गड्या. जात मला इचारायची न्हाई, मी इतनं चाललोय." पलटणीतून मिळालेले पैसे होते. व्यवहार चहाचा कप रिकामा होईपर्यंत ठरला; पैसे कागद झाल्यावर द्यायचे. मला वाटलं, झालं.

पण परहद्दीचा माणूस घर घेणार म्हणजे हुजुरांची, संस्थानच्या राजांची, परवानगी लागते. नजराणा लागतो. अर्जात "मी परका इसम, हुजुरांच्या कृपाछायेत येऊ इच्छितो" असं लागतं. मी ते सगळं केलं. नजराणा हातात घेत नाहीत, तबकात ठेवायचा असतो, आणि तबक जमिनीवर. वाकून ठेवला.

वाकताना इटलीतली एक म्हातारी आठवली. लढाईत तिच्या माळ्यावर आम्ही सहाजण पंधरा दिवस राहिलो. भाडं म्हणून दुधाचे दोन डबे दिले. तिनं हातात घेतले, आणि बसायला खुर्ची पुढं सरकवली. साता समुद्रापलीकडं. तिथं मी पाहुणा होतो. परका झालो तो घरापासून बारा कोसांवर.

मग कारभाऱ्यांनी खरेदीचा कागद पुढं केला. मी सहीची जागा शोधू लागलो. बायको दारात उभी होती; तिला आत बसायला तरटही नव्हतं. ती आत आली, कागद हातात घेतला आणि वाचू लागली. मोठ्यानं. शाळेत वाचतात तसं, स्वल्पविरामावर थांबत. शेवटपर्यंत वाचून माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, घेणार म्हनून ह्या मेव्हण्यांचं नाव हाय. तुमचं नाव खाली हाय. भाडेकरू म्हनून."

मी कारभाऱ्यांकडं पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "परक्याच्या नावावर हुजुरांची जमीन चढत नाही. नाव रहिवाशाचं लागतं. तू यांना दरमहा भाडं देत जा."

"भाडं कशाचं?"

"घराचं."

"घर कुणी घेतलं?"

"यांनी."

"पैसे कुणाचे?"

"तुझे."

यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. मेहुणे तर समजूत घालायला लागले. "पाव्हणं, भाडं जास्त न्हाई घ्यायचो. घरच्यासारखं राव्हा."

खरं ते सांगतो. मी टाक उचलला होता. सोमवार डोक्यात होता. पायताण काढलं, पदकं काढली, परका म्हणून लिहिलं, मेंढरांचं लिहिलं. आता ही एक सही काय जड होती? हात कागदापर्यंत गेला. तिथं थांबला. आतापर्यंत मी जे जे दिलं होतं ते माझ्या नावानं दिलं होतं. आता नावच मागत होते.

टाक खाली ठेवला. उठलो. रिकाम्या खुर्चीत बसलो.

"सही करायची न्हाई."

"परक्यानं एवढा ताठा बरा नव्हे. उद्या हुजुरांच्या हद्दीत पाऊल टाकता येणार नाही."

"हुजुरांची हद्द हितनं दिसती, रावसाहेब. त्या पिंपळापाशी संपती."

नजराणा परत मागितला. नजराणा परत होत नाही, म्हणाले. मेंढरांचा कागद मागितला. तो दप्तरात जमा झाला होता. अजून कुठल्यातरी दप्तरात असेल, माझ्या चांगल्या अक्षरात.

पिंपळ मागं पडला. बायको म्हणाली, "नोकरी गेली."

"व्हय."

"तुमी बरं केलं. पन मला लय वाईट वाटतंय. मी गप बसंन असं समजू नगा."

ती गप्प बसली नाही. आजही बसत नाही. तिच्या जागी दुसरी आली, ती तिथं पगार घेते. हे नुकसान तिचं आहे, आणि मी कितीही ताठ उभा राहिलो तरी ते भरून येत नाही.

दोन वर्षांनी संस्थानं गेली. आता कुणी परका नाही, असं सांगत लोकांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण ऐकून घेतलं नाही. हुजूर गेले, मेहुणे इथंच आहेत. आता तसले मेहुणे प्रत्येक गावात अंगठा घ्यायचे कागद पुढ्यात घेऊन बसलेले दिसतात, आणि समोर कुणीतरी अनवाणी बसलेला असतो.

मला घर नाही. नसू दे. पण पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, असा कागद मी करणार नाही, आणि माझ्या देखत कुणाला करू देणार नाही. अंगठ्याला शाई लागायच्या आत तो कागद मी हातात घेईन. चावडीवर उभा राहून वाचीन. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, ज्याचे पैसे आहेत त्याला ऐकू जाईपर्यंत.