पातळीच्या वहीत न मावलेलं

धरणावर एक वही असते. पावसाळ्यात तिच्यात दर तासाला पाण्याची पातळी लिहायची, कोणता दरवाजा किती उघडला ते लिहायचं आणि खाली सही करायची. माणसांसाठी तिच्यात रकाना नाही. त्यामुळे अकरा वर्षांत जी जी माणसं आमच्या धरणावर येऊन जे जे बोलून गेली, ते सगळं माझ्याच डोक्यात साचत गेलं. चार मित्र घरी आले की मी सांगायला सुरुवात करतो आणि बायको आतून म्हणते, "आधी जेवू तं द्या त्याईले."

मी मूळचा तेल्हाऱ्याचा, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. धरण पातूरच्या पलीकडे, डोंगरात. बांधलं पूर अडवायला. पण तलाव भरला, खात्यानं काठावर बाग केली, झोपाळे लावले, बोटी आणल्या आणि अकोला-अमरावतीची गर्दी सुरू झाली. तेव्हापासून आमचं अर्धं काम पुराचं आणि अर्धं गर्दीचं. त्यातलं पुराचं सोपं.

दोन माणसं आधी सांगून ठेवतो. देवरावभाऊ दरवाजे चालवतात. खालच्याच गावचे, बोलणं कमी, आणि बोलतात तेव्हा चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. नारायण बोट चालवतो; त्याला गप्प बसता येत नाही.

*

ऑगस्टातला रविवार. नांदगाव पेठहून एक कुटुंब आलं होतं. बायको-पोरांना कठड्याशी उभं करून तो गृहस्थ देवरावभाऊंकडे आला.

"दरवाजे बंद काहून हायेत? मांगं पाणी उडताना फोटो पायजे होता. दोनच मिनिटं उघडा ना."

"उघडतो ना," देवरावभाऊ म्हणाले. "खाली नदीच्या काठानं सात गावं हायेत. तेवढं त्याईले फोन लावून सांगा, का आमचा फोटो चालू हाये, जनावरं वर घ्या."

त्या माणसानं खिशातून मोबाइल काढला.

"नंबर सांगा."



*

तलावात पोहायला मनाई आहे, पण ऐकतो कोण? एका पोराला नारायणनं केसाला धरून बाहेर काढलं, तेव्हा मी ठरवलं की आता इलाज करायचा. बोर्ड लावला: 'सावधान. तलावात मगरी आहेत.' मगर एकही नव्हती. बोर्ड देवरावभाऊंनी स्वतः रंगवला. खाली मगरीचं चित्रही काढलं. ती घोरपडीसारखी दिसत होती, पण दात मन लावून काढले होते.

पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी. लोक दुर्बिणी घेऊन आले. नारायणनं 'मगर पॉइंट' नावाची एक फेरीच सुरू केली. तक्रारवहीत कोणीतरी लिहिलं, 'दोन तास थांबलो. मगर दिसली नाही. व्यवस्था सुधारावी.' मग वरून पत्र आलं की मगरींची संख्या कळवावी. मी कळवलं: 'फलक एक. मगरी निरंक.'

हे सगळं निस्तरल्यावर एक दिवस पातळीची पट्टी धुवायची होती. गुडघाभर पाण्यात उतरायचं काम. देवरावभाऊ काठावर उभे.

"उतरा ना देवरावभाऊ."

"तुमी उतरा साहेब. मले लेकरंबाळं हायेत."

"अहो, बोर्ड तुम्हीच रंगवला ना?"

"म्हनून तं म्हनतो. तिचे दात मी जवळून पाह्यले."

*

आमच्याकडे पुण्याचे एक साहेब आले. माणूस कामाला चोख आणि मराठी अगदी धुतलेली. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला. मी कालव्यावर गेलो होतो. साहेबांनी ऑफिसातून धरणावर फोन केला.

"देवराव, पाण्याचं काय?"

"वाढून राह्यलं साहेब."

"राहिलं ना? बरं झालं," साहेब म्हणाले आणि वर कळवून मोकळे झाले की पाण्याची वाढ थांबली.

तासाभरानं पुन्हा फोन. "आता काय स्थिती?"

"वाढून राह्यलं."

"अहो, मघाशीच राहिलं म्हणालात."

"मंघाही वाढून राह्यलं होतं, आताही वाढून राह्यलं," देवरावभाऊ शांतपणे म्हणाले. "तुमी म्हनले बरं झालं. मले वाटलं साहेबाले पाणी पायजे असन."

तेवढ्यात मी पोचलो. पट्टीकडे पाहिलं, त्यांच्या हातातून फोनच घेतला आणि साहेबांना सांगितलं की आमच्याकडे 'वाढून राह्यलं' म्हणजे वाढतंय. दोन दरवाजे वेळेत उघडले गेले, एवढं नशीब. दुसऱ्या दिवशी साहेबांचा लेखी आदेश आला: यापुढे पातळी केवळ आकड्यांत कळवावी, क्रियापदे वापरू नयेत.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. एकदा मी साहेबांच्या समोर बसलो होतो. वरिष्ठांचा पुण्याहून फोन आला. साहेब त्यांना धीर देत होते. "काळजी करू नका सर. आम्ही सगळे पाहून राह्यलो."

फोनमधून मलाही ऐकू आलं, "पाहून कुठे राहिलात?"

*

पुराचा भोंगा पावसाळ्याआधी एकदा वाजवून पाहावा लागतो. गावोगावी तसं आधी कळवतो. खालच्या गावात एकदा त्याच दिवशी लग्न निघालं. नवरी गावातलीच, वरात अमरावतीची, मांडव नदीच्या काठाला. शेवटची मंगलाष्टका चालू होती आणि आमचा भोंगा वाजला.

अख्खी वरात डोंगराकडे पळाली. बँडवाले ढोलासकट पळाले. नवरदेवानंही पाटावरून एक पाय खाली टाकला होता. नवरीनं त्याचं उपरणं धरलं.

"उभे राहा. एक भोंगा टेस्टिंगचा असते. तीन झाले का पळाचं."

वरात खाली येईपर्यंत नवरीकडची पहिली पंगत उठली होती. संध्याकाळी नवरदेवाचे वडील धरणावर भांडायला आले. मी माफी मागितली, चहा पाजला. पण त्यांचा राग उतरेना. "पोरीनं आमच्या पोराले चारचौघात धरून ठेवलं, साहेब. लोक काय म्हनतीन?"

देवरावभाऊ कोपऱ्यात बसले होते. "पन काकाजी, पोरगा शेवटपर्यंत उभा राह्यला ना?"

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "मी डोंगरावर होतो."

*

पायानं चालवायच्या बोटीत एकदा एक मास्तर आणि त्यांच्या पत्नी बसल्या. तलावाच्या मधात पोचले आणि काहीतरी बिनसलं. मास्तर पुढे जायला पायडल मारत होते, बाई मागे यायला. बोट जागच्या जागी. अर्धा तास झाला तरी दोघांतलं कोणी पाय थांबवेना. शेवटी नारायणनं काठावरून कर्णा घेतला आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं सांगितलं, "गुरुजी, तुमी पाय उचला. बाईले चालवू द्या."

बोट पाच मिनिटांत काठाला लागली. उतरताना बाई नारायणला म्हणाल्या, "भाऊ, तुमी लग्नात काहून नाई आले?"

*

हा मात्र जिवावरचा किस्सा. सप्टेंबर होता, आठ दिवसांपासून कोरडं ऊन. धरणाच्या खाली नदीचं पात्र जवळजवळ सुकलेलं आणि त्यात एका कुटुंबाचा रोडग्यांचा कार्यक्रम. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजायचे, वरून तूप, सोबत वांग्याची भाजी. चाळीसेक माणूस होतं. आणि वर डोंगरात, आम्हाला न दिसणारा पाऊस पडला. बघता बघता तलाव काठोकाठ आला. दरवाजे उघडण्यावाचून इलाज नव्हता.

तीन भोंगे दिले. बाकीचे लोक निघाले, हे कुटुंब जागचं हललं नाही. मी आणि नारायण धावत खाली गेलो. त्यांचे आजोबा पांढरी टोपी घालून आरापाशी बसले होते.

"आजोबा, उठा. पाणी सोडायचं आहे."

"आभाळ पाहा, साहेब. कुठी हाये पाणी?"

"वरून येऊन राह्यलं. पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे."

"रोडगे अर्धा घंटा घेतीन," आजोबा म्हणाले. "नवसाचे हायेत. अर्धे कच्चे काढता येत नाईत."

मी हात जोडले, ओरडलो, पोलिसांना फोन लावला. ते तासाभरानं पोचणार होते. बाया पोरांना जवळ घेऊन आजोबांकडे पाहत होत्या. ते उठल्याशिवाय कोणी उठणार नव्हतं.  वर दरवाज्यापाशी देवरावभाऊंचा जोडीदार माझ्या फोनची वाट पाहत होता.

तेवढ्यात देवरावभाऊ स्वतः खाली उतरून आले. कोणाशी बोलले नाहीत. वांग्याच्या भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवरून उतरवून ठेवला होता, त्याची एक कडी दुपट्ट्यानं धरली आणि नारायणला म्हणाले, "दुसरी तू धर." दोघं चाळीस माणसांची भाजी घेऊन काठ चढायला लागले.

"अहो, भाजी कुठी चालली?" एक बाई ओरडली.

देवरावभाऊंनी मागे पाहिलं नाही. आधी बाया धावल्या, त्यांच्यामागे पोरं, मग पुरुष. आजोबा एकटेच आरापाशी उरले, तेव्हा त्यांनाही उठावं लागलं. मी त्यांचा हात धरून वर आणलं. डोकी मोजली, दोनदा मोजली आणि फोन केला.

पाणी आलं. आरावर पडलं तेव्हा वाफ उठली, चर्र आवाज झाला आणि मग तिथे नुसतं गढूळ पाणी होतं, पुरुषभर.  एक बाई रडत होती. आजोबांनी त्या पाण्याकडे पाहिलं. मग हातावरचं घड्याळ पाहिलं.

"पाहा," ते मला म्हणाले, "आता झाले असते."

*

आता एकच सांगतो. मार्च महिना होता. तलावाच्या मधल्या पट्टीवरची पातळी पाहायला मी नारायणच्या मोटरबोटीतून निघालो होतो. काठावर एक म्हातारा आणि त्याची नात उभी होती. धरणात गेलेल्या गावातले, आता पलीकडच्या पुनर्वसनात राहणारे. म्हाताऱ्याचं नाव पुंडलिक. वय ऐंशीच्या पुढे.

"बापू," ते नारायणला म्हणाले, "आमच्या घरावरून एक चक्कर मारून देतं का?"

मी नारायणला म्हटलं, घे त्यांना. त्यांना लाइफ जॅकेट घातलं आणि निघालो. पुंडलिकबाबा समोर बसून हातानं रस्ता दाखवत होते. समोरचा डोंगर, बाजूचा खडक, असं पाहून त्यांना बरोबर कळत होतं.

"इथून मारुतीचं देऊळ. आता सरळ. आता डावीकडं वळव."

"डावीकडं काहून बाबा?" नारायण म्हणाला. "ते खडक दिसते तिथंच ना तुमचं घर? सरळ गेलं तं दोन मिनिटात पोचते."

"सरळ नाई जाता येत. मधात श्यामरावचं वावर हाये."

नारायणनं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या शेतावर आता चाळीस फूट पाणी होतं. मला माहीत होतं, मीच मोजलेलं होतं.

"दोघांच्या वावराच्या मधल्या धुऱ्यावरून भांडन झालं होतं," बाबा म्हणाले. "त्याच्या वावरात पाय ठेवीन तं बापाचं नाव नाई सांगनार, असं बोलून बसलो मी. धरण व्हयेपर्यंत वळसा घालूनच घरी जात होतो."

नात हसू दाबत होती. नारायणनं मुकाट्यानं बोट डावीकडे वळवली. आम्ही श्यामरावच्या वावराला मोठा वळसा घालून पुंडलिकबाबांच्या घरावर पोचलो. तिथे त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "चाला."

परत निघालो आणि वारा सुटला. अवकाळीचा ढग डोंगरावर चढत होता, पाण्यावर लाटा उठायला लागल्या, बोट हलायला लागली. असं झालं की सरळ काठ गाठायचा, हा नियम माझाच.

"नारायण, सरळ घे," मी म्हटलं.

नारायणनं बोट सरळ घेतली नाही. तो पुंडलिकबाबांकडे पाहत होता. मी पुन्हा सांगितलं. नातीनं आजोबांच्या दंडाला धरलं होतं, तिचा चेहरा उतरला होता.

"आबा, श्यामरावबाबा जाऊन पाच वर्षं झाले ना," ती म्हणाली.

 एक लाट बोटीवर फुटली, आम्ही सगळे भिजलो. मग पुंडलिकबाबांनी मान हलवली.

"ने सरळ."

नारायणनं बोट वळवून वेग वाढवला. पुंडलिकबाबा वाकले, पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि दुसऱ्या हातानं नारायणच्या पाठीवर थोपटलं.

"हळू चालव बापू. पेरलेलं हाये."