कंपनीचं इंग्लिश बघणारी बाई

मशिनखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटचे किस्से साचतात. आज झाडून काढा, उद्या पुन्हा ढीग! पुनावळ्याला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की नवरा म्हणतो, "अगं, तो सुपरवायझर धावल्याचा सांग ना." मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मला मात्र आताशा हसू येत नाही. कारण हे किस्से सांगत सांगत मी शेवटी दत्ताभाऊंपाशी येऊन अडकते. दत्ताभाऊ आमचे प्रेस ऑपरेटर, म्हणजे पत्रा दाबून ब्रॅकेट पाडणारं मशिन चालवणारे. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलेला माणूस, आणि गेल्या वर्षी परमनंट करायच्या यादीत त्यांचं नाव एकदाचं आलं होतं.

पण सुरुवातीपासून सांगते.

मी एम. ए. इंग्लिश. कॉलेजात तासिकेवर शिकवून कंटाळले आणि चाकणच्या एका कंपनीत लागले. आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. परदेशी कस्टमरने कळवलं होतं, की तुमचे रिपोर्ट वाचून काही समजत नाही. म्हणून मला घेतलं! पहिल्याच दिवशी क्वालिटी मॅनेजर कदमसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त इंग्लिश बघा. क्वालिटी आम्ही बघतो."

कामाची वाटणी मला फार आवडली. दोन्हींपैकी काहीच कोणी बघत नव्हतं, हे कळायला वर्ष गेलं.

*

तर तो सुपरवायझर. हा किस्सा मी यायच्या जरा आधीचा, पण फाइल मी डोळ्यांनी बघितली आहे.

निलेश आमचा इंजिनिअर. पोरगा हुशार, ड्रॉइंग बघून चूक सांगेल. पण इंग्लिश वाक्यात कुठला शब्द कुठे चिकटवायचा, याचा त्याला पत्ता नाही. त्याने कस्टमरला लिहिलं, "फुल स्पीडने धावत असताना सुपरवायझरला प्रेसमधून तेल गळताना दिसलं." धावत होती प्रेस. निलेशने धावायला लावलं सुपरवायझरला!

कस्टमरने साधं विचारलं, "सुपरवायझर का धावत होता?"

कोणीही शहाण्या माणसाने कळवलं असतं, की वाक्य चुकलं, प्रेस धावत होती. पण आमच्याकडे कस्टमरचा प्रश्न म्हणजे कंप्लेंट, आणि कंप्लेंट म्हणजे अ‍ॅक्शन! निलेशने उत्तर धाडलं: शॉपफ्लोअरवर धावायला सक्त मनाई आहे. संबंधित सुपरवायझरला लेखी वॉर्निंग दिली आहे. न धावण्याचं ट्रेनिंग दिलं आहे. पुरावा म्हणून फोटो जोडला आहे.

फोटो खरंच जोडला होता. त्यात सुपरवायझर चालत होता!

*

मग मी वर्ग सुरू केला. दर शनिवारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, कँटीनच्या मागच्या खोलीत. बारा जण यायचे. त्यातले चार जण डोळे उघडे ठेवून झोपायचे.

मी त्यांच्या भाषेत समजावलं. "बिनमध्ये ब्रॅकेट सगळे एकाच दिशेने रचता ना? मध्येच एक उलटा ठेवला तर वरचा नीट बसतो का? तसंच वाक्याचं. तीन कामं सांगायची तर तिन्ही एकाच घडणीची ठेवा. 'पार्ट मोजला, पार्ट तपासला आणि पॅकिंग करणे' असं नको. 'मोजला, तपासला, पॅक केला.' बसलं की नाही एकात एक?"

"बसलं मॅडम!" सगळे म्हणाले.

"आणि ज्याचं विशेषण त्याच्याच शेजारी. ज्याने काम केलं त्याचं नाव त्याच कामाला लावा. दुसऱ्याला नको."

हे वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तिसऱ्या शनिवारी वर्गात गेले तर टेबलावर कागद तयार! सगळा कोर्स पूर्ण, सगळे पास, ट्रेनिंगचा परिणाम 'उत्तम'. खाली फक्त माझ्या सहीची जागा मोकळी. मी कदमसाहेबांकडे गेले. "साहेब, अजून निम्मंही शिकवलं नाही मी!"

"मॅडम, सोमवारी ऑडिट आहे. शिकवणं नंतरही होईल. सही नंतर होणार नाही."

संताप आला होता. पण केली मी सही.

*

आमच्याकडे रिपोर्ट कोणी लिहीत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. कंप्लेंट आली की मागचा रिपोर्ट उघडायचा, 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, पार्टचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, झालं! मागच्याने त्याच्या मागच्याचा घेतलेला असतो. मूळ रिपोर्ट कोणी लिहिला, हे देवालाच ठाऊक. त्यात मूळ कारण ठरलेलं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय ठरलेला: ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिलं.

माझं माहेर दिघीचं. एकदा आईसाठी मोगऱ्याचं रोप घ्यायला तिथल्या नर्सरीत गेले. मालक गावातलेच, जाधव नावाचे. बोलता बोलता म्हणाले, "आमी बी व्हतो की तुमच्या कंपनीत. सोडून जमाना झाला."

मला ते नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी फाइली काढल्या. माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता, पण 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये नाव बदलायचं राहिलं आणि दर कंप्लेंटला आम्ही जाधवांना ट्रेनिंग देत राहिलो! कंपनीच्या कागदोपत्री त्यांच्याइतका शिकलेला माणूस दुसरा नव्हता.

पुढच्या वेळी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी कुंडीतली माती दाबली आणि म्हणाले, "व्हय का? मंग एक सर्टिफिकेट द्या की लावायला!"

हा किस्सा ऐकून कदमसाहेब खूप हसले. मग निलेशला म्हणाले, "नाव तपासत जा रे." नाव! कारण नव्हे.

*

मध्यंतरी निलेशला मोबाईलमधला एआय सापडला. मग काय विचारता! एका छोट्या ब्रॅकेटला तडा गेला होता, तर पठ्ठ्याने कस्टमरला पानभर मखमली पत्र पाठवलं. आपण आम्हाला ही संधी दिलीत, आम्ही आपले ऋणी आहोत वगैरे. वाक्यं अशी सरळ रांगेत, की मी त्यांना बोट लावू शकत नव्हते. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

कस्टमरकडूनही तसंच पत्र आलं. आपल्या पारदर्शकतेने आम्ही भारावलो आहोत! त्यांच्याही निलेशकडे एआय होता, हे उघड होतं. आठवडाभर दोन्हीकडून असं अमृत वाहत राहिलं.

"अरे पण तडा का गेला?" मी विचारलं.

"ते अजून कोणी विचारलं नाही, मॅडम!"

*

आता दत्ताभाऊ.

मूळचे लातूरकडचे, राहायला दापोडीत. बोलणं कमी, काम चोख. परमनंटच्या यादीत नाव लागलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं होतं. मुलगी बारावीला होती. "आता तिला पुढं शिकवता येतंय, मॅडम," एवढंच म्हणाले.

त्यानंतर महिनाभरात एक मोठी कंप्लेंट आली. भोक न पाडलेले ब्रॅकेट कस्टमरला गेले होते, पेटीच्या पेटी. भोक पडलं नाही तर सेन्सरने प्रेस थांबवायची, अशी सोय आहे. सेन्सर अडकला होता आणि प्रेस चालतच राहिली. शिफ्ट दत्ताभाऊंची होती.

निलेशने या वेळी एआय वापरला नाही. घाईत स्वतःच लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. नुसता काला होता. सेन्सर अडकणे, ऑपरेटर चेक, मेंटेनन्स कळवले नाही, मशिन चालू. कोणी कोणाला कळवलं नाही? कोणी चेक करायचं होतं? काही पत्ता लागेना.

मी कदमसाहेबांना विचारलं, "यातलं 'नाही' कोणाला लावू?"

ते घड्याळाकडे बघत होते. "चार वाजता मेल गेली पाहिजे, मॅडम. नेहमीचंच लावा."

नेहमीचं म्हणजे ऑपरेटर. मी खाली शॉपफ्लोअरवर जाऊन विचारू शकले असते. दोन मिनिटांचा जिना आहे. गेले नाही. मी इंग्लिश बघत होते! मी लिहिलं: ऑपरेटरने पार्ट तपासला नाही, बिघाड कळवला नाही आणि मशिन थांबवलं नाही. तिन्ही तुकडे एका घडणीचे, एका मापाचे. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

रिपोर्ट पहिल्याच खेपेला पास झाला. आमच्या कंपनीत असं कधी झालं नव्हतं. कदमसाहेबांनी पेढे वाटले. "रिपोर्ट असा लिहायचा!" म्हणून निलेशने ते पान नोटीस बोर्डावर लावलं. मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

आठवड्याने दुसऱ्याच कामासाठी मी त्या प्रेसपाशी गेले. शेजारी शिफ्टचं लॉगबुक लटकवलेलं होतं. सहज पानं उलटली. त्या तारखेला दत्ताभाऊंचं अक्षर: 'सेन्सर अडकतोय. मेंटेनन्सला दोनदा सांगितले. मशिन बंद ठेवू का?'

खाली सुपरवायझरच्या अक्षरात दोनच शब्द: 'चालू ठेवा.'

दत्ताभाऊ माझ्याकडे बघत होते. "मी दोन डाव सांगितलो की, मॅडम. कोनी आलंच न्हाई."

मी तडक कदमसाहेबांकडे गेले. "साहेब, रिपोर्ट चुकीचा आहे. बदलायला हवा."

"कस्टमरने क्लोज केलेली कंप्लेंट पुन्हा उघडायची?" ते मला वेडी समजले असावेत. "आणि मॅडम, लॉगबुक मराठीत आहे. ते कोण वाचणार आहे?"

मी एचआरला मेल लिहिली. मग दुसरी. मग तिसरी, लॉगबुकच्या फोटोसकट. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात नेटकं इंग्लिश त्या तीन मेलमध्ये आहे. पहिल्या दोन मेलना उत्तर आलं नाही. तिसरीला आलं: 'नोटेड.'

घरी येऊन मी रडले. नवरा म्हणाला, "तू काय करणार होतीस?" जिना उतरणार होते, आणखी काय!

*

महिना संपायला आला तेव्हा दत्ताभाऊ एक लिफाफा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. एचआरचं पत्र होतं, इंग्लिशमध्ये. "वाचून सांगता का?" म्हणाले.

परमनंट करत नाही. कॉन्ट्रॅक्टही पुढे वाढवत नाही. आणि कारणाच्या जागी अवतरण चिन्हांत माझं वाक्य, जसंच्या तसं. मी त्यांना मराठीत सांगू लागले. तपासला नाही. कळवला नाही. तिसऱ्या 'नाही'पाशी मी पत्र खाली ठेवलं.

"दत्ताभाऊ," मी म्हटलं, "हे वाक्य मी लिहिलंय."

"म्हाईत हाय की. बोर्डावर लावलं होतं. निलेशसायबांनी वाचून दावले."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग दुसऱ्या खिशातून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"भोसरीला एका वर्कशॉपमधी अर्ज द्यायचाय. इंग्लिशमधी मागायलेत. तुमीच लिवून द्या."

मी पेन उचललं. "काय लिहू?"

"नऊ वर्सं प्रेसवर. एकबी कंप्लेंट न्हाई. आसंच लिवा, मॅडम. तुमचं इंग्लिश एका फटक्यात पास होतंय म्हणायलेत सगळे."