अकरा नंबरचं हसू

मॅडमचा विषय होता स्थलांतर, सुरक्षा आणि जागतिक राजकारण. हे लांबलचक नाव मी मुखेडच्या बाजारात त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो, तर भाजीवाल्या बाया म्हणायच्या, बस कर रे बाबा, मेथी सुकून राहिली. विद्यापीठानं मला कामावर घेतलं ते हुशार म्हणून न्हाई, तर मराठी, दखनी आणि मोडकी तेलुगू यायची म्हणून. दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसं गाठायची, टेप लावायचा, फॉर्म भरायचा. मॅडमचा एकच नियम होता. फॉर्मवर नाव न्हाई, गाव न्हाई, फक्त नंबर, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. मी मान डोलावून हाव म्हणालो. हाव म्हणायला मला काय जातंय.

अकरा नंबर आम्हाला हैदराबादला एका बांधकामावर भेटला. देवणीकडचा पोरगा, विशीतला. मॅडमनी फॉर्मातला प्रश्न विचारला, राज्याची सीमा ओलांडताना असुरक्षित वाटलं का? तो आधी नाकातून फुस्स करून हसला, मग मान खाजवत म्हणाला, "आता काय सांगावं तुम्हाला. शीमा दोन व्हत्या म्हणं. मी बशीत झोपलो व्हतो."

मॅडम लई हसल्या. मग तसंच हसत त्यानं पुढचं सांगितलं. पाऊस न्हाई, घरात धान्य पुरंना, म्हणून एक तोंड कमी व्हावं असा विचार करून तो न सांगताच निघाला होता. दोन वर्षांत एक चिठ्ठी धाडली नव्हती. घरी कळवू नका म्हणाला, माय न्यायला येईल. मग डबा उघडून आम्हालाही भात वाढला. परतताना मॅडम म्हणाल्या, आपलं सगळं पुस्तक या एका मुलाखतीवर उभं राहील.

महिन्याभरानं आम्ही देवणीच्या पुढच्या एका गावात गेलो, मागं राहिलेल्यांशी बोलायला. टँकरपुढं बायांची रांग लागलेली. मॅडमशी कुणी बोलंना. म्हणून मी नकला सुरू केल्या. आधी एसटीचा कंडक्टर केला, मग मॅडमच केल्या. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या आणि मला चेव आला. नाकातून फुस्स केलं, मान खाजवली आणि म्हणालो, "शीमा दोन व्हत्या म्हणं."

सगळ्या हसल्या. एक हसली न्हाई. मॅडमच्या वयाची असेल. घागर तिथंच ठेवून ती रांगेतून बाहेर आली. त्या दिवसांत पाण्याची रांग कुणी सोडत नसे.

"हे कुठं ऐकलास?"

मॅडमनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग तिला हळू आवाजात समजावलं, की आम्ही सगळ्यांना शब्द दिलेला असतो, कुणाचंच सांगता येत न्हाई. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पत्ता मागत न्हाई, बाई. जित्ता हाय का तेवढं सांगा."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "आमच्यासमोर जेवला, मावशी. आम्हालाही वाढलं त्यानं."

ती तिथंच मातीत बसली. मागं कुणीतरी तिची घागर भरून ठेवली. थोड्या वेळानं तिनं मला जवळ बोलावलं.

"ते हसणं त्याचंच का? का तुझ्या पदरचं घातलास?"

"त्याचंच, मावशी."

"हां," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

जीपमध्ये मॅडम मला रागावल्या न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, उद्या हैदराबादला जायचं, त्याला सांगायला.

तिथं त्यांनी त्याच्यापासून काहीच लपवलं न्हाई. शब्द आम्ही मोडला, तेव्हा ही मुलाखत आता आमची न्हाई, असं म्हणून कॅसेट आणि फॉर्म त्याच्या हातात दिला. त्यानं त्याकडं बघितलं पण न्हाई. माय काय म्हणली, एवढंच विचारलं. मी खाली मान घालून, साध्या आवाजात सांगितलं.

"तसं नगं," तो म्हणाला. "ती म्हणली तसं म्हण."

कुणाचीही नक्कल फुकटात करणारा मी, पण इथं दोनदा अर्ध्यातच थांबलो. शेवटी म्हणालो, तिच्यासारखं, सावकाश. जित्ता हाय का तेवढं सांगा. तो वाळूच्या ढिगाकडं तोंड करून उभा होता.

"अजून एकदा."

मी अजून एकदा म्हणालो.

मग त्यानं फॉर्म उलटा केला, मॅडमकडं पेन मागितलं आणि उकिडवा बसून लिहू लागला. लई वेळ लिहीत होता. मुकादमानं दोनदा हाक मारली, तरी उठला न्हाई. पत्त्यापाशी येऊन मात्र अडला. जिल्हा बदलणार असं गावात असताना ऐकलं होतं, तो बदलला का, म्हणून त्यानं मला विचारलं. तो निघाला तेव्हा त्यांचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

"लातूर लिही," मी म्हणालो. "आता लातूर झालाय."

त्यानं एकेक अक्षर सुटं सुटं काढून लातूर लिहिलं आणि खाली रेघ मारली.